अंगावर काम घेणाऱ्याने कोणते धंदे टाळावे?

शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये १८:१–४ व १९:२३–४१, लूक ३:१०–१४, २ राजे ५:१७–१९.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत महिन्याच्या महिन्यास पगार मोजून घेणारे बंधू थोडे आहेत. बहुतेक जण गवंडी, सुतार, रंगारी, विजेची जोडणी करणारे, ट्रॅक्टरवाले, विहिरी खोदणारे, अथवा पाचपंचवीस मजूर बाळगून लहानसहान ठेके घेणारे असे आहेत. ते कोणाचे चाकर नाहीत. आज एकाचे काम उक्ते घेतात, उद्या दुसऱ्याचे. अशा बंधूंविषयी उपदेशकांस वारंवार प्रश्न पडतो की, कोणते काम ख्रिस्ती मनुष्याने अंगावर घ्यावे आणि कोणत्या धंद्याच्या वाटेस मुळीच जाऊ नये? पाळकसाहेब दोन महिन्यांतून एकदा येतात, आणि गिऱ्हाईक तर सकाळी दारात विसार घेऊन उभे असते. यास्तव या पाठात त्याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, प्रेषित पौल स्वतः असाच अंगावर काम घेणारा कारागीर होता. तो करिंथ शहरी आला तेव्हा अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला, कारण त्यांचा व त्याचा धंदा एकच होता. ते राहुट्या करीत असत. आता राहुटी कोण विकत घेतो? व्यापारी घेतो, प्रवासी घेतो, आणि शिपाईही घेतो. प्रत्येक गिऱ्हाइकाने आपल्या राहुटीत बसून काय केले याचा जाब पौलास द्यावा लागला, असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही. तेव्हा जे कित्येक भाविक बंधू म्हणतात की, अविश्वासी मनुष्याच्या घराची भिंतदेखील आपण बांधू नये, त्यांचे म्हणणे आम्हांस ग्राह्य वाटत नाही. तसे केल्यास आमच्या गवंड्यांनी गाव सोडून जावे लागेल.

परंतु त्याच पुस्तकाच्या पुढल्या अध्यायात इफिस शहराचा देमेत्रिय सोनार भेटतो. तो अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे करीत असे व त्यापासून पुष्कळ कारागिरांस काम मिळत असे. पौलाच्या उपदेशाने हा धंदा बुडेल अशी भीती वाटताच त्याने सर्वांस जमवून दंगा उठविला. त्याने आधी मिळकतीची गोष्ट काढिली आणि देवीच्या थोरवीची मागाहून, हे वाचकांनी मूळ अध्यायात स्वतः पाहावे. फिलिप्पै येथेही असेच घडले. एका दासीच्या अंगी शकुन सांगण्याचा आत्मा होता व तिच्या धन्यांस त्यापासून मोठी कमाई होत असे. ती मुक्त होताच धन्यांनी पौल व सीला यांस धरून बाजारात ओढीत नेले. राहुटीच्या धंद्यात व या दोन धंद्यांत भेद कोणता? राहुटीचा धंदा कोणाच्या बंधनावर चालत नाही. दासी बांधलेली राहिली तरच तिच्या धन्यांचे पोट भरते. अशा धंद्यात शिरलेल्या मनुष्यास दुसऱ्याची सुटका हे आपले नुकसान वाटू लागते.

जकातदारांची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि ती आमच्या ठेकेदार बंधूंस विशेष लागू पडते, कारण त्या काळी जकात वसूल करण्याचे काम पुष्कळ ठिकाणी ठेक्यानेच दिले जात असे. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले तेव्हा त्याने त्यांस धंदा टाकावयास सांगितले नाही. जे ठरविलेले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. मत्तय तर नाक्यावरून उठून गेला आणि परत आला नाही. जक्कयाने ज्यांस फसविले होते त्यांस चौपट परत देण्याचे कबूल केले, पण त्याने धंदा सोडला की नाही हे शास्त्र सांगत नाही. एकाच धंद्यातील या मनुष्यांचे मार्ग असे वेगळाले झाले. यावरून आम्हांस असे दिसते की, धंद्याचे नाव ऐकून लागलीच निर्णय देता येत नाही. त्या धंद्याची बांधणी कशी आहे हे पाहावे लागते. प्रामाणिक मनुष्य त्यात शिरला असता त्यास प्रामाणिक राहता येते काय? की तो कितीही भला असला, तरी त्या धंद्याचा हिशेबच त्यास दुसऱ्याच्या अंगावर हात टाकावयास लावतो? हा प्रश्न आमच्या या सबंध पाठाचे मूळ आहे.

प्राचीन मंडळीस हा प्रश्न फार लवकर पडला. इ. स. २०० च्या सुमारास आफ्रिकेतील कार्थेज शहरी तर्तुल्यन नावाचा विद्वान ख्रिस्ती लेखक होऊन गेला. त्याने मूर्तिपूजेविषयी एक ग्रंथ लिहिला व त्यात ख्रिस्ती मनुष्याने कोणते धंदे करू नयेत याची चर्चा केली. मूर्ती घडविणारा, ज्योतिषी, देवळास धूप पुरविणारा व्यापारी, या सर्वांस त्याने दोषी धरिले. ‘मला पोट भरण्यास दुसरे साधन नाही’ ही सबब तो मुळीच ऐकून घेत नाही. बुरूज बांधण्यापूर्वी खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला प्रभूने दिला आहे, त्याची तो आठवण देतो. त्याचा स्वर आम्हांस फार कठोर वाटतो. ज्याच्या घरी चूल पेटली नाही त्यास असे बोलणे सोपे नाही. तथापि त्याच ग्रंथात त्याने एक व्यवहाराची गोष्ट सांगितली आहे, ती आमच्या कारागिरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूर्ती घडविणाऱ्या हातास छप्पर दुरुस्त करता येते, भिंतीस गिलावा करता येतो. जो लाकडातून देव कोरतो त्यास पेटी करणे तर त्याहून सोपे. म्हणजे धंदा टाकला तरी हुन्नर टाकावे लागत नाही, आणि साध्या वस्तूंस गिऱ्हाईकही अधिक असते, असे त्याचे म्हणणे आहे.

हिप्पोलितुस याच्या नावाने चालत आलेला मंडळीच्या नियमांचा एक जुना लेख आहे. बाप्तिस्म्याची तयारी करावयास जे कोणी येत त्यांस त्यांचा धंदा प्रथमच विचारावा, असे त्यात सांगितले आहे. वेश्यागृह चालविणाऱ्याने तो धंदा सोडावा, नाहीतर त्यास परत पाठवावे. मूर्तिकाराने मूर्ती करू नयेत. लहान मुलांस शिकविणाऱ्या शिक्षकाविषयी मात्र नियम सौम्य आहे. त्या काळच्या शाळांत देवदेवतांच्या कथा शिकवाव्या लागत, म्हणून त्याने ते काम सोडणे चांगले, परंतु त्यास दुसरा हुन्नर येत नसेल तर राहू द्यावे. उपदेशक बंधूंनी हे शेवटले वाक्य विसरू नये. त्या कडक काळातही मंडळीने भाकरीचा विचार केला होता.

आता आपल्या देशाकडे वळू. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे वाडवडील गावकीच्या वतनी कामाने बांधलेले होते. सरकारी निरोप पोहोचविणे, मेलेले जनावर ओढणे, सणावारी वाजविणे, ही कामे नको म्हणण्याची त्यांस मोकळीक नव्हती. ज्यांनी ख्रिस्तास स्वीकारल्यावर त्यांपैकी काही कामे नाकारली त्यांचे बलुते बंद झाल्याच्या हकिगती आमच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून आम्ही ऐकिल्या आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक आणिले, ते या बंधनावरच होते. आणि पुढे १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही कनिष्ठ वतने रद्द झाली. तेव्हा ‘हे काम मी घेत नाही’ असे म्हणण्याचा जो अधिकार आज आमच्या रंगाऱ्यास व गवंड्यास आहे, तो आजोबाच्या वाट्यास आला नव्हता. पगारी चाकरासही तो पुरता नसतो. अंगावर काम घेणाऱ्यास भविष्यनिर्वाह निधी नाही, रजा नाही, आजारपणात कोणी विचारीत नाही. पण एवढी एक मोकळीक त्याजपाशी आहे.

मग ती कोठे वापरावी? दारूच्या दुकानाविषयी आम्ही फार लिहीत नाही, कारण आमच्या बायाबापड्यांस त्याविषयी आमच्याहून अधिक ठाऊक आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी घालण्यात आली. तरी त्याचा माल एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्यासाठी वाहनवाल्यास दुप्पट भाडे देऊ करणारे लोक आहेत. रात्री नदीतून वाळू ओढण्यासाठी ट्रॅक्टर मागणारेही आहेत. ज्या कामाचे भाडे काही कारण न सांगता दुप्पट होते, त्याचे कारण वाहनवाल्याने स्वतःच ओळखावे.

ज्यांत आमचे बंधू खरोखर फसतात ती कामे दिसण्यात सरळ असतात. मैल्याच्या टाक्या उपसण्याचा ठेका घ्या. नगरपालिका, वसाहती, हॉटेले यांस हे काम करून पाहिजे असते, व ते समाजास आवश्यकही आहे. परंतु २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून मनुष्यास गटारात अथवा टाकीत उतरविण्यास मनाई केली आहे. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. असे असूनही माणसे टाकीतील विषारी वायूने गुदमरून मरतात, आणि एकास काढावयास उतरलेला दुसराही पुष्कळदा मरतो. गटारात मृत्यू पावलेल्याच्या कुटुंबास तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. आता ज्या ठेक्याच्या रकमेत यंत्र भाड्याने आणण्याचा खर्च बसतच नाही, तो ठेका घेणाऱ्यापुढे काय उरते? दोर आणि एक गरीब मनुष्य. ज्याजपाशी यंत्र आहे, अथवा यंत्राचे भाडे मिळते, त्याने हे काम अवश्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही. यंत्रावाचून घेऊ नये.

ऊसतोडीच्या मुकादमीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण मराठवाड्यातील व नगर जिल्ह्यातील आमच्या कित्येक घरांचा या कामाशी संबंध येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्यांच्या हद्दीत पालांत राहतात. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ धरितात. निघण्यापूर्वी मुकादम त्या जोडप्यास उचल देतो, व ती ऊस तोडून फेडावयाची असते. उचलीचा पैसा बहुधा मुकादमाचा नसतो. त्याने तो कारखान्याकडून अथवा वाहतूकदाराकडून लिहून देऊन घेतलेला असतो. टोळीतील एक जोडपे निघून गेले की ते देणे मुकादमाच्या मानेवर बसते. म्हणून तो त्यांच्या मागे जातो, त्यांस अडवितो, कोणाचे पोर अथवा म्हातारे अडकवून ठेवितो. असे करणारा प्रत्येक जण मुळात दुष्ट होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांतील कित्येकांनी स्वतः कोयता चालविला आहे.

कामाचा दिवस चुकला तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. त्यामुळे बाईमनुष्यास दुखण्याच्या दिवशीही विसावा नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊस तोडणाऱ्या पुष्कळ स्त्रियांनी ऐन तारुण्यात गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतल्याची गोष्ट वर्तमानपत्रांतून देशभर गाजली व राज्य सरकारने चौकशीस समिती नेमली. कर्ज देऊन त्याच्या जोरावर मनुष्याचे जाण्यायेण्याचे व दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य हिरावून घेणे म्हणजे वेठबिगारी, व ती १९७६ च्या कायद्याने सबंध देशात रद्द झालेली आहे. कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. ते वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उसाचे फड उभे राहतात.

यावर कोणी म्हणेल, मी भला मुकादम होईन. आम्हांस त्याच्या भलेपणाविषयी शंका नाही. पण फेब्रुवारीत दोन जोडपी पळाली, आणि वाहतूकदार दारात येऊन बसला, तेव्हा तो काय करणार? पदरचे पैसे भरून त्या जोडप्यांस जाऊ देण्याची ऐपत व मनाची तयारी असेल तर त्याने खुशाल मुकादम व्हावे. नसेल, तर आमचे मत असे की त्याने या धंद्यात शिरू नये. येथे एक गोष्ट स्पष्ट करितो. आम्ही ठेका घेणाऱ्याविषयी लिहीत आहो. कोयता धरणाऱ्यास, अथवा टाकीत उतरणाऱ्यास, कोणी उपदेशकाने या पाठाच्या आधारे दोष लावील तर त्याने आमचे लिहिणे उलटे वाचले असे आम्ही समजू.

अमेरिकेतील जॉन वुलमन नावाच्या शिंप्याची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. तो १७२० साली न्यू जर्सी प्रांतात जन्मला व क्वेकर पंथाचा होता. तरुणपणी माउंट हॉली गावच्या एका दुकानात तो नोकरीस असताना १७४२ साली त्याच्या धन्याने आपली एक निग्रो दासी विकली व खरेदीखत लिहावयास त्यास सांगितले. घेणारा म्हातारा त्याच्याच पंथाचा होता. गोष्ट अचानक पुढे आली. धन्याचा हुकूम होता. वुलमनने खत लिहून दिले. गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्मास शोभत नाही, असे त्याने दोघांसमोर बोलून दाखविले, पण लिहिले ते लिहिले. ती गोष्ट त्याच्या मनास पुढे फार टोचत राहिली.

नंतर तो शिंपीकाम करून स्वतंत्र राहू लागला, आणि लिहिण्यात निपुण असल्यामुळे शेजारी त्याजकडून दस्तऐवज लिहून घेत. लवकरच एका तरुणाने गुलामाचे खत लिहावयास सांगितले. या वेळी वुलमनने नाकारिले. या कामात त्यास पैसा मिळत होता, व नकाराने शेजारी रागावतील हेही तो जाणून होता. पुढे एका जखमी शेजाऱ्याने मृत्युपत्र लिहावयास बोलाविले. वुलमनने त्याचे म्हणणे लिहून घेतले, परंतु एका गुलाम मुलीस मुलांपैकी एकास देण्याचे कलम तेवढे सोडून दिले. तो कागद त्याने शेजाऱ्याच्या हाती दिला, मजुरी घेतली नाही, आणि ते कलम मला लिहिता येत नाही असे मोकळेपणाने व प्रेमाने सांगितले. दोघांचे बोलणे झाले. शेजाऱ्याने त्या मुलीस मुक्त करण्याचे कबूल केले, तेव्हा वुलमनने मृत्युपत्र पुरे केले.

हे करताना त्याने कोणाशी भांडण केले नाही. आपले दुकान फार वाढून मन गुंतू लागले तेव्हा तेही त्याने कमी केले व शिंपीकामावर राहिला. गुलामांच्या मेहनतीने वेस्ट इंडीज बेटांत होणारी साखर, काकवी व रम हा माल आपण पूर्वी विकला याचे त्यास उतारवयात वाईट वाटत असे. (साखरेचा गोडवा दुसऱ्याच्या घामाचा असतो, हे आम्हांस या देशातही नवे नाही.) तो १७७२ साली इंग्लंडात यॉर्क शहरी देवीच्या रोगाने वारला. त्यानंतर चार वर्षांनी, १७७६ साली, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीने गुलाम बाळगणाऱ्यास सभासद ठेवावयाचे नाही असा नियम केला.

आमच्या बंधूंनी त्या पहिल्या खताकडे विशेष लक्ष द्यावे. भल्या मनुष्याचाही हात प्रथम चुकला, कारण काम अचानक आले व त्याने आधी काही ठरविले नव्हते. गिऱ्हाईक विसार पुढे करून उभे असते तेव्हा विचार करावयास वेळ नसतो, आणि घरात मुलाची फी थकलेली असते. म्हणून कोणते धंदे टाळावयाचे हे हाती काम असताना, पोट भरलेले असताना, नवराबायकोने एकत्र बसून ठरवावे. बायकोस सोडून ठरवू नये. उणे पडले म्हणजे ते तिच्याच डब्यात पडते.

कित्येक बाबतींत निकाल कठीण आहे हे आम्ही मान्य करितो. देवळाच्या ओट्याचे काम आले तर ख्रिस्ती गवंड्याने घ्यावे काय? सुरीय सेनापती नामान यास बरे केल्यावर त्याने अलीशा संदेष्ट्यास विचारिले की, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करितो, तेव्हा मलाही वाकावे लागते. याची क्षमा होईल काय? अलीशाने लांब उपदेश केला नाही. त्यास शांतीने जावयास सांगितले. आमच्या मते ओटा बांधणाऱ्यास त्याच्या विवेकावर सोडावे व त्याच्या विवेकास जे जमत नाही त्यावरून दुसऱ्याने आपले मत त्याजवर लादू नये. दारूच्या दुकानाची पाटी रंगविण्याविषयी मात्र आमच्या ओळखीच्या एका रंगाऱ्याने आम्हांस विचारिले, तेव्हा आम्ही नको म्हटले. त्याने ते काम सोडले. पुढे तीन आठवडे त्यास दुसरे काम मिळाले नाही, आणि त्या तीन आठवड्यांत मंडळीतील कोणीही, आम्ही धरून, त्याच्या घरी गेलो नाही. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते.

तेव्हा उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, हा पाठ रविवारी वाचण्यापूर्वी पंचांशी बोलून घ्यावे. ज्याने मंडळीच्या सांगण्यावरून काम नाकारिले त्यास मंडळीतील घरांची लहानसहान कामे प्रथम द्यावी, व मजुरी त्याच दिवशी चुकती करावी. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी देण्याची आज्ञा आहे, आणि देवळाच्या दुरुस्तीची मजुरी सहा महिने थकविणाऱ्या मंडळ्या आम्हांस ठाऊक आहेत. जेथे मदतीचा फंड आहे तेथे त्यातून हत्यारांसाठी बिनव्याजी रक्कम द्यावी, म्हणजे पुढल्या हंगामात कोणास मुकादमाची उचल घेण्याची अथवा देण्याची पाळी येणार नाही. दसऱ्यास टोळ्या निघतात. पंचांची बैठक त्याच्या आधी, भाद्रपदातच, भरवावी.